मौलाना अबुल कलाम आझाद : नगरच्या किल्ल्यातून शिक्षण मंत्रालयात

अहमदनगरचा भुईकोट किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी निदान बाहेरून तरी पाहिला असेल. शहराचे नाव आता सरकारदप्तरी अहिल्यानगर झाले आहे. किल्ला मात्र तोच आहे. तीच वाटोळी तटबंदी, भोवती तोच रुंद खंदक. अहमद निजामशहाने त्याचा पाया घातला, चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध तो लढविला आणि ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने तो इंग्रजांसाठी जिंकून घेतला. एवढा इतिहास आपली मुले शाळेत शिकतात. परंतु याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ अशी सुमारे दोन वर्षे आठ महिने एक असे कैदी राहून गेले, ज्यांनी कोणत्याही शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती आणि ज्यांच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तेच पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांचे नाव मौलाना अबुल कलाम आझाद.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्का शरीफ येथे झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे नामांकित आलिम होते, आई मदिनेच्या विद्वान घराण्यातील अरब स्त्री होत्या. मुलाचे नाव मोहिउद्दीन अहमद. अबुल कलाम हे पुढे रूढ झालेले नाव आणि आझाद हे त्यांनी स्वतः घेतलेले टोपणनाव. ते लहान असतानाच कुटुंब कलकत्त्यास येऊन स्थायिक झाले. कलकत्त्यास वडिलांचे मुरीद फार मोठ्या संख्येने होते. घरचे वातावरण कडक धार्मिक होते. आधुनिक इंग्रजी शिक्षणाविषयी वडिलांचे मत अगदी प्रतिकूल होते. त्याने श्रद्धा नष्ट होते अशी त्यांची ठाम समजूत होती. म्हणून त्यांनी मुलास शाळेत घातलेच नाही. प्रथम स्वतः शिकविले, मग एकेका विषयासाठी एकेक उस्ताद घरी आणला.

त्यांचे बालपण कसे होते हे पालकांनी ऐकण्यासारखे आहे. त्यांची बहीण सांगत असे की या मुलाला पतंग, गोट्या यांत रस नव्हता. घरातल्या पेट्या एकामागे एक मांडून तो आगगाडी करी, वडिलांचा फेटा डोक्यास गुंडाळून उंच जागी उभा राही आणि बहिणींना बजावी की तुम्ही गर्दी आहात, मी बोललो की टाळ्या वाजवा. मोठेपणी देशभर सभा गाजविणारा वक्ता त्या फेट्यात दडलेला होता, असे आज म्हणणे सोपे आहे. त्या वेळी घरच्या मंडळींना तो पोरखेळच वाटला असणार. जरा मोठे झाल्यावर पुस्तक घेऊन कलकत्त्याच्या डलहौसी स्क्वेअर बागेत जावे, झुडपांच्या आडोशाला बसावे आणि अंधार पडेपर्यंत वाचावे हा त्यांचा नेम होता. 'दर्से निजामी' हा मदरशांतील परंपरागत अभ्यासक्रम विद्यार्थी साधारणपणे विशी-पंचविशीपर्यंत करीत असत. आझादांनी तो सोळाव्या वर्षाच्या सुमारास संपविला. त्यात फारसी-अरबी, तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान तर होतेच, शिवाय भूमिती, अंकगणित आणि बीजगणितही होते, आणि तेही अरबी माध्यमातून. अभ्यासक्रम पुरा केलेल्याने इतरांना शिकवून दाखवावे असा रिवाज होता. त्याप्रमाणे वडिलांनी पंधरा-एक विद्यार्थी जमवून दिले व हा सोळा वर्षांचा मुलगा त्यांना गणित आणि तत्त्वज्ञान शिकवू लागला.

अभ्यास संपला तेथेच खरी अडचण सुरू झाली. याच सुमारास सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्यांच्या हाती पडले. आधुनिक विज्ञान, तत्त्वज्ञान व वाङ्मय यांचा अभ्यास केल्यावाचून आजच्या काळात कोणी खऱ्या अर्थाने सुशिक्षित होऊ शकत नाही, असे त्यावरून त्यांच्या मनाने घेतले. इंग्रजी शिकणे आले. पण वडिलांस सांगणार कसे? मौलवी मोहम्मद युसूफ जाफरी यांच्याकडून त्यांनी इंग्रजी बाराखडी शिकून घेतली, प्यारीचरण सरकार यांचे पहिले पुस्तक उरकले, आणि मग एक युक्ती केली. बायबलची इंग्रजी, फारसी व उर्दू भाषांतरे शेजारी शेजारी उघडून ते एकेक ओळ ताडून पाहू लागले. पुढे शब्दकोश घेऊन इंग्रजी वर्तमानपत्र. इंग्रजीच्या तासाला घाम फुटणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो, या माणसाला ना वर्ग होता ना गाईड. पुढील आयुष्यात त्यांनी इंग्रजी ग्रंथ मोठ्या प्रमाणावर वाचले, बोलताना मात्र उर्दूच पसंत केली.

या नव्या वाचनाने मनात मोठे वादळ उठले. वडिलोपार्जित समजुती एकामागून एक प्रश्नांच्या कसोटीस लागल्या. एकच धर्म मानणाऱ्यांत इतके पंथभेद का, प्रत्येक जण दुसऱ्यास चुकीचा का ठरवितो, या विचारांनी त्यांची झोप उडाली. काही वर्षे अशी गेली. अखेरीस ते श्रद्धेकडे परत आले, परंतु वारशाने मिळाली म्हणून नव्हे, तर स्वतः शोधून. 'आझाद' हे नाव त्यांनी घेतले ते याच खुणेसाठी. येथे थोडे थांबून पालकांना विचारावेसे वाटते : मुलगा प्रश्न विचारू लागला की आपण त्याला बेअदब म्हणून गप्प करतो. कुराण शरीफवर 'तर्जुमानुल कुरआन' हे भाष्य लिहिणारे आझाद प्रश्न विचारूनच तेथवर पोहोचले होते.

त्यांचे राजकीय चरित्र सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते भरभर सांगतो. १३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्याहून 'अल हिलाल' हे उर्दू साप्ताहिक निघाले. सरकारने आधी दोन हजारांचा, नंतर दहा हजारांचा जामीन मागितला व जप्त केला. पत्र बंद पडले. मग 'अल बलाग' निघाले. १९१६ मध्ये त्यांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले आणि १९१९ च्या अखेरपर्यंत ते रांचीस स्थानबद्ध राहिले. स्थानबद्धतेतही १९१७ मध्ये त्यांनी तेथे मदरसा इस्लामिया सुरू केला, ही गोष्ट मात्र भरभर सांगून चालणार नाही. ज्याला गावाची वेस ओलांडण्याची मुभा नाही, तो त्या परक्या गावातल्या मुलांसाठी शाळा काढतो! १९२३ मध्ये पस्तिशीच्या आतच ते काँग्रेसच्या दिल्ली येथील खास अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९४० मध्ये रामगड येथे पुन्हा अध्यक्षपद आले, ते १९४६ पर्यंत राहिले.

आता आपल्या नगरकडे वळू. 'छोडो भारत' ठराव झाला आणि ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत सर्व पुढाऱ्यांची धरपकड झाली. खास गाडीतून गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले व कार्यकारिणीच्या सभासदांना नगरच्या किल्ल्यात आणले. पंडित नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, डॉ. सय्यद महमूद, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, शंकरराव देव अशी ती मंडळी होती. मौलाना प्रवासात नेहमी एक छोटा रेडिओ बाळगीत. तो जमा करून घेण्यात आला. सुरुवातीस वर्तमानपत्रेही मिळेनात. बाहेरच्या जगाशी संबंध तुटला.

अशा वेळी माणसे काय करतात? या मंडळींनी अभ्यास केला. किल्ल्याच्या त्या खोल्यांचे जणू एक छोटे विद्यापीठच बनले. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहून काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत सहकैद्यांशी झालेल्या चर्चांचे ऋण मानले; त्यांत मौलानांचे नाव आहे. आचार्य नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाच्या ग्रंथावर काम करीत होते. मौलानांनी आपले मित्र मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. ती टपालात पडणे शक्यच नव्हते. ती वहीत राहिली आणि सुटकेनंतर १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. उर्दू गद्याचा हा एक नामांकित ग्रंथ, आणि तो आपल्या नगरच्या मातीत लिहिला गेला. किती नगरकरांना हे ठाऊक असेल?

या पत्रांत ईश्वराच्या अस्तित्वाची चर्चा आहे, संगीत आहे, किल्ल्याचा व चांदबीबीचा इतिहास आहे, आणि चहा आहे. मौलाना रात्र सरण्यापूर्वी उठत, स्वतः चहा करीत व एकटेच बसून पीत. तो चिनी चहा, जास्मिनच्या वासाचा आणि बिनदुधाचा. चहात दूध घालण्याच्या आपल्या रिवाजाची त्यांनी भरपूर थट्टा केली आहे. नगरच्या चहावाल्यांनी ती मनावर घेऊ नये.

पण शिक्षक म्हणून मला सर्वांत मोलाचे वाटते ते चिमण्यांचे पत्र. मौलानांच्या खोलीच्या छतात चिमण्यांची घरटी होती. सतत कचरा पडे, सामान खराब होई. प्रथम त्यांनी चिमण्यांशी लढाईच पुकारली. चिमण्या हटेनात. मग त्यांनी तह केला. जमिनीवर दाणे टाकून ते अगदी स्तब्ध बसत, जणू आपले लक्षच नाही. दाणे दररोज थोडे थोडे जवळ आणीत. हळूहळू चिमण्यांची भीड चेपली; त्या शेजारी येऊन टिपू लागल्या, शेवटी तळहातावरून दाणे उचलू लागल्या. मौलानांनी त्यांना नावे ठेविली : कोणी मोती, कोणी कलंदर, कोणी मुल्ला, कोणी सूफी. पुढे एका पिलाचे पहिले उड्डाण त्यांनी पाहिले. पिलू घरट्याबाहेर आले तेव्हा निपचित पडलेले असे, डोळे मिटलेले, पंखांत त्राण नाही. आई चारा भरवी, डिवचून उठवू पाही, ते हालेना. वाटावे की हे काही जगत नाही. आणि एके दिवशी एकाएकी त्याने पंख पसरले आणि अंगणापार झेप घेतली. आपण कोण आहोत हे त्याला आतून कळले, असा या घटनेचा अर्थ मौलानांनी लावला. पंख आधीपासून होतेच. जाग यावयाची राहिली होती.

बालमानसशास्त्रावरचे मोठमोठे ग्रंथ आम्ही बी. एड. ला असताना परीक्षेपुरते वाचतो. येथे एक कैदी कोणतेही उपकरण हाती नसताना दिवसचे दिवस निरीक्षण करतो. धाक दाखवून पाखरू जवळ येत नाही, धीराने येते हे तो प्रयोगाने पाहतो, आणि शिकणाऱ्याची वेळ यावी लागते हेही. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाविषयी शिक्षकांनी व घरच्यांनी निकाल देऊन टाकण्यापूर्वी हे पत्र अवश्य वाचावे.

याच किल्ल्यात मौलानांवर सर्वांत मोठा आघात झाला. पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यास होत्या. त्यांची प्रकृती आधीच ढासळलेली होती. १९४३ च्या मार्चअखेर त्या अत्यवस्थ असल्याची वार्ता आली. किल्ल्याच्या अधीक्षकाने सुचविले की सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास मी ती तात्काळ पाठवितो. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारविरुद्ध लढा चालला आहे त्याच्यापुढे स्वतःच्या दुःखासाठी हात पसरावयाचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. ते नित्याप्रमाणे ठरल्या वेळी जेवावयास येत, ठरल्या वेळी लिहावयास बसत. आत काय चालले आहे हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून केवढी शिकस्त करावी लागली हे त्यांनीच नंतर पत्रात मोकळेपणाने लिहिले आहे. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगमसाहेबांचे निधन झाले. किल्ल्याच्या त्या आवारात कोणा अनोळखी माणसाची एक जुनी कबर होती. आल्यापासून शेकडो वेळा नजरेस पडलेली ती कबर त्या दिवसांत त्यांना एकदम आपली वाटू लागली आणि संध्याकाळी ते कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिले. काही महिन्यांतच भोपाळला त्यांची एक बहीणही वारली. तिचीही भेट नाही.

हा नकार बरोबर होता काय, असे वर्गात मुले विचारतात, विशेषतः मुली. नवऱ्याच्या बाण्यापायी बेगमसाहेबांना एकटीने मरावे लागले, असे एकीने स्पष्ट म्हटले. मला ते म्हणणे सहजासहजी खोडता येत नाही. राष्ट्राच्या लढ्यात अशा कितीतरी स्त्रिया होत्या ज्यांची किंमत कोणी मोजली नाही, आणि मौलानांच्या चरित्रात जुलेखा बेगम यांना चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

एप्रिल १९४५ मध्ये मौलानांना नगरहून बंगालमधील बांकुडा येथे हलविले आणि जूनमध्ये सोडले. फाळणी त्यांना मान्य नव्हती, ती झाली. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत, घरदार सोडून निघालेल्या मुसलमानांना त्यांनी हा देश तुमचा आहे हे परोपरीने समजाविले. तत्पूर्वी, १९४७ च्या जानेवारीतच, त्यांनी शिक्षण खाते हाती घेतले होते. ते शेवटच्या श्वासापर्यंत त्यांच्याकडेच राहिले. १९५२ पासून नैसर्गिक साधनसंपत्ती व वैज्ञानिक संशोधन हे खातेही त्यास जोडले गेले.

त्या वेळचे देशाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. १९५१ च्या शिरगणतीत साक्षरता अवघी १८.३३ टक्के निघाली आणि स्त्रियांची ८.८६ टक्के. म्हणजे शंभर स्त्रियांत नऊ जणींनासुद्धा धड अक्षरओळख नव्हती. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने तर दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ठरविले होते. हाती पैसा नाही, शिक्षक नाहीत, इमारती नाहीत.

मौलानांनी आधी पाहणी करविली, मग संस्था उभ्या केल्या. विद्यापीठांसाठी १९४८ मध्ये डॉ. राधाकृष्णन आयोग, माध्यमिक शाळांसाठी १९५२ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार आयोग. मुदलियार आयोगाच्या शिफारशी आम्ही शिक्षक मंडळींनी पाठ करून परीक्षेत लिहिल्या आहेत. पण सर्वसाधारण विज्ञान प्रत्येक मुलास, मुलाच्या प्रगतीची वर्षानुवर्षे नोंद, कल पाहून मार्गदर्शन, हे आज शाळेत सहज वाटणारे विचार त्या अहवालाने देशभर पोहोचविले. पैशाचा प्रश्न मुंबईचे बाळासाहेब खेर यांच्या समितीकडे दिला होता. केंद्राने उत्पन्नाचे १० टक्के व प्रांतांनी २० टक्के शिक्षणावर खर्चावे असे त्या समितीने सुचविले. तेवढे कधी मिळाले नाहीत.

मूल कसे शिकते याचाही शास्त्रीय अभ्यास व्हावयास हवा, हे मौलानांच्या काळात सरकारी पातळीवर प्रथम मानले गेले. १९४७ मध्ये दिल्लीस सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन निघाली, १९५४ मध्ये पाठ्यपुस्तक संशोधनाचा आणि शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचा असे दोन विभाग, १९५६ मध्ये मूलोद्योगी शिक्षणाची राष्ट्रीय संस्था. या व अशाच इतर संस्था एकत्र करून १९६१ मध्ये 'एनसीईआरटी' झाली. तुमच्या मुलांच्या दप्तरात तिची पुस्तके असतील. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले, तेही शिक्षण मंत्रालयाच्या आश्रयाने. खेड्यांतील बालवाड्यांना त्याने हात दिला. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्येच बोर्डीस बालवाडीचे काम सुरू केले होते, त्या कामाचे मोल आता दिल्लीलाही कळू लागले.

आणि विज्ञान. ज्यांच्या वडिलांनी इंग्रजी शाळेस नकार दिला ते मौलाना वैज्ञानिक संशोधनाचे मंत्री झाले. डॉ. शांतिस्वरूप भटनागर त्यांचे सचिव होते. १९५० च्या जानेवारीत पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व दिल्लीस राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाल्या. भौतिकी प्रयोगशाळा म्हणजे आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट, असे वाटेल. पण शेर, मण, पायलीची मापे दर बाजारात निराळी असत, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारा. १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला. मीटर म्हणजे नेमके किती, किलो म्हणजे नेमके किती, याचा राष्ट्रीय नमुना सांभाळण्याचे काम या प्रयोगशाळेकडे आले. पॅरिसहून आलेला ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम तेथे ठेवला गेला. तराजूत गरिबाची फसवणूक होऊ नये, याचा पाया शेवटी पदार्थविज्ञानातच आहे.

खरगपूरची हकीकत तर कादंबरीत शोभावी. हिजली येथे इंग्रजांनी राजबंद्यांसाठी तुरुंग बांधला होता. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तेथे पोलिसांनी गोळ्या झाडून दोन बंदी ठार केले होते. त्याच इमारतीत देशातील पहिली आय. आय. टी. निघाली. १८ ऑगस्ट १९५१ रोजी तिचे उद्घाटन मौलानांनी केले. पहिल्या वर्षी २२४ विद्यार्थी व ४२ शिक्षक होते. आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात काढलेला माणूस तुरुंगाचे महाविद्यालय झालेले पाहत होता. २८ डिसेंबर १९५३ रोजी त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन केले. पुढे १९५६ मध्ये आपले चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. संगीत नाटक, साहित्य व ललित कला या तीनही अकादमी १९५३-५४ च्या आहेत.

त्यांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. उच्च शिक्षणाच्या व संशोधनाच्या संस्था झपाट्याने उभ्या राहिल्या, खेड्यातील प्राथमिक शाळा मात्र मागे पडली. घटनेने दिलेली दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये टळून गेली; शिक्षणाचा मूलभूत हक्क प्रत्यक्ष कायद्याने लागू व्हावयास २०१० साल उजाडले. प्राथमिक शाळा तेव्हा राज्यांच्या अखत्यारीत होत्या हे खरे, तरी केंद्रीय शिक्षणमंत्र्याने या प्रश्नावर अधिक आग्रह धरावयास हवा होता, असे माझे मत आहे. स्त्रीशिक्षणाची स्वतंत्र राष्ट्रीय समिती दुर्गाबाईंच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली तीही १९५८ मध्ये, मौलानांच्या पश्चात.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत मौलानांचे निधन झाले. जामा मशीद व लाल किल्ला यांच्या मधल्या मैदानात त्यांची कबर आहे. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले आणि २००८ पासून त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. आपल्या शेजारच्या मराठवाड्यात, औरंगाबादेस म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय काढले. नगर जिल्ह्यातीलही काही विद्यार्थी तेथे शिकून आले आहेत.

मौलाना गेले त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या आय. आय. टी. ची पहिली तुकडी सुरू झाली. तीत १०० विद्यार्थी होते. त्यांचे वर्ग वरळीस एका दुसऱ्या संस्थेच्या इमारतीत भरत. पवईच्या माळावर अद्याप भिंती उभ्या राहावयाच्या होत्या.